वजन सांगून मिळणारी जागा : मित्राच्या सेसना १७२ मधून पालो आल्टो ते हाफ मून बे

विमानप्रवासाच्या परीक्षणात सहसा आसनाची रुंदी, जेवणाचा दर्जा आणि सेविकांचे अगत्य यांची चर्चा असते. या परीक्षणात त्यांपैकी काहीच येणार नाही, कारण ज्या विमानाविषयी मी लिहीत आहे त्यात चारच आसने आहेत, जेवण आमच्या आईने घरून नेले होते, आणि वैमानिक हा माझा गेल्या अकरा वर्षांचा मित्र असून त्याचे अगत्य जमिनीवर उदंड असले तरी इंजिन सुरू झाल्यावर तो आमच्याशी कामापुरतेच बोलतो. त्याने आणखी दोघांच्या भागीदारीत १९७८ सालचे सेसना १७२ घेतले असून ते सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी असलेल्या पालो आल्टोच्या छोट्या विमानतळावर दोरखंडांनी बांधलेले असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी, माझी पत्नी आणि सहा महिन्यांसाठी फलटणहून आलेली माझी आई अशा तिघांनी त्यातून हाफ मून बेपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रवास केला. बे एरियातील अनेक मराठी कुटुंबांत आता एखादा तरी वैमानिक मित्र निघतो आणि ‘एकदा चला की चक्कर मारायला’ असे आमंत्रणही येते. ते स्वीकारण्यापूर्वी काय काय माहीत असावे, हे सविस्तर सांगावे असे वाटले.

या सेवेची पहिली पायरी म्हणजे वजन. आमंत्रण स्वीकारल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मित्राने आम्हा तिघांची वजने विचारली, तीही कपडे आणि बूट यांसह. पत्नीने ती थोडी हसून सांगितली, मी थोडी कमी करून सांगितली, आणि आईने ‘असेल पंचावन्न’ असे सांगून विषय संपवला. त्यावर मित्राने अतिशय नम्रपणे, ‘काकू, राग मानू नका, पण काट्यावर उभे राहून सांगा,’ असे सुचवले. काट्याने आईचे ५७ आणि माझे ८२ किलो दाखवले. हा आग्रह मला आधी अतिरेकी वाटला होता, परंतु त्याने नंतर घरी येऊन कागदावर मांडलेला हिशेब पाहिल्यावर मत बदलले. या विशिष्ट विमानाचे रिकामे वजन सुमारे ६७१ किलो आणि उड्डाणाच्या वेळी अनुज्ञेय असलेले कमाल वजन २३०० पौंड, म्हणजे १०४३ किलो आहे. मधल्या ३७२ किलोंमध्ये माणसे, सामान आणि इंधन हे सर्व बसवायचे असते. आम्हा चौघांचे मिळून २७९ किलो भरले. दोन्ही पंखांतील टाक्या पूर्ण भरल्या असत्या तर वापरता येण्याजोग्या ४० गॅलन इंधनाचे आणखी १०९ किलो झाले असते, आणि एकूण वजन मर्यादेच्या १६ किलो वर गेले असते. म्हणून त्याने ३० गॅलनच, म्हणजे साधारण ११३ लिटर, इंधन ठेवायचे ठरवले. हे इंजिन तासाला सुमारे आठ गॅलन पिते, त्यामुळे दीड तासाच्या आतल्या प्रवासासाठी ते पुरेसे होते आणि नियमाने दिवसा राखून ठेवावे लागणारे अर्ध्या तासाचे इंधन त्यात कितीतरी वेळा सुटत होते. चार आसने आहेत म्हणून चार माणसे आणि भरलेली टाकी घेऊन हे विमान उडेलच असे नाही, ही गोष्ट मोटारीची सवय असलेल्या आपल्या डोक्यात सहजी शिरत नाही. उरलेल्या ११ किलोंत आईच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि चहाचा थर्मास असलेल्या पिशवीचे चार किलो मित्राने न कुरकुरता लिहून घेतले.

वजनाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे ते वजन कुठे बसते हा. पुढे कोण आणि मागे कोण, यावरून विमानाचा तोल ठरतो. म्हणून ‘मला खिडकीची जागा हवी’ या मागणीला येथे अर्थ नाही (अर्थात चारही जागा खिडकीच्याच आहेत). जाताना मी वैमानिकाच्या उजवीकडे आणि आई व पत्नी मागे, अशी मांडणी झाली. येताना आईला पुढे बसवायचे ठरले तेव्हा त्याने जळालेले इंधन वजा करून तोच हिशेब पुन्हा केला. मोठ्या विमानात आपण तिकीट घेतलेले गिऱ्हाईक असतो. येथे आपण त्या यंत्राच्या गणितातले एक पद होतो. मला या प्रवासात सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट हीच आहे, आणि ज्यांना ती अपमानास्पद वाटेल त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता वक्तशीरपणाविषयी. या सेवेला वक्तशीरपणाचे गुण देता येत नाहीत, कारण आमचे उड्डाण तिसऱ्या खेपेला झाले. पहिला बेत जुलैतला होता. पालो आल्टोला लख्ख ऊन होते, आईने केसांना रुमाल बांधून तयारी केली होती, आणि तरीही मित्राने सकाळी नऊ वाजता फोन करून बेत रद्द केला. उन्हाळ्यात पॅसिफिकच्या थंड पाण्यावरून आत येणारा धुक्याचा थर किनाऱ्यावर तासन्‌तास पडून राहतो आणि डोंगराच्या अलीकडे राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. मित्राजवळ केवळ उपकरणांच्या आधारे ढगांतून विमान नेण्याचा परवाना नाही, त्यामुळे जमीन डोळ्यांना दिसत नसेल तर तो जात नाही. ‘हाफ मून बेला आज गाडीने जाऊन या, चाळीस मिनिटांत पोहोचाल,’ असा सल्ला त्याने दिला, आणि आम्ही खरोखरच ९२ क्रमांकाच्या रस्त्याने गेलो तेव्हा घाट उतरता उतरता गाडीचे दिवे लावावे लागले.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. सप्टेंबरमधल्या त्या सकाळी आम्ही विमानात बसलो, पट्टे बांधले, इंजिन सुरू झाले आणि धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचलोही. तेथे उड्डाणापूर्वीची इंजिनाची चाचणी होते. या इंजिनाच्या चारही सिलिंडरांना प्रत्येकी दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करणारी यंत्रे, असतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहते ते त्यांच्यामुळे. मिनिटाला १७०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून वैमानिक एकदा एक आणि एकदा दुसरा मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेऱ्या थोड्या घटणे अपेक्षितच असते, परंतु ती घट १२५ च्या पुढे जाता कामा नये. आमच्या वेळी ती गेली, आणि इंजिन दमेकरी माणसासारखे अडखळू लागले. मित्राने मिश्रणातील इंधनाचे प्रमाण कमी करून, फेऱ्या वाढवून, प्लगवरचा मळ जाळून टाकण्याचा प्रयत्न दोनदा केला. तरीही घट आटोक्यात येईना तेव्हा नियंत्रण मनोऱ्याला परत येत असल्याचे कळवून त्याने विमान वळवले. कोणतीही सारवासारव नाही, ‘बहुतेक काही होणार नाही’ अशी भाषा नाही. आई परतताना एवढेच म्हणाली की आमच्या वेळी यष्टीचा चालक गाडी घाटात बंद पडल्यावर सांगायचा, याने घाटाच्या आधीच सांगितले. नंतर समजले की एका प्लगमध्ये शिशाची गुठळी बसली होती.

हे शिसे म्हणजे या सेवेतील एक खरा दोष आहे. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे केव्हाच हद्दपार झाले, परंतु अशा इंजिनांसाठीच्या ‘१०० एलएल’ या निळसर रंगाच्या इंधनात ते आजही मिसळलेले असते. त्या नावातील ‘एलएल’ म्हणजे ‘लो लेड’ ही अक्षरे फारशी दिलासा देणारी नाहीत. सॅन होजेतील रीड-हिलव्ह्यू विमानतळावर सांता क्लारा काउंटीने २०२२ च्या जानेवारीपासून त्याची विक्री थांबवली, कारण विमानतळाच्या कुंपणापलीकडे लोक राहतात, मुले खेळतात. आपल्या एका दुपारच्या मौजेचा हा भाग दुसऱ्याच्या अंगणात पडतो, हे लक्षात ठेवूनच विमानात बसावे असे मला वाटते.

तिसऱ्या खेपेस, ऑक्टोबरच्या एका शनिवारी, सर्व जुळून आले. सप्टेंबर-ऑक्टोबर हे या भागातले सर्वांत स्वच्छ हवेचे महिने, हे येथे वर्षानुवर्षे राहूनही मी त्या दिवशी खऱ्या अर्थाने अनुभवले. मित्र आमच्या आधी तासभर पोहोचला होता. उड्डाणापूर्वीची तपासणी त्याने आमच्यासमोरच, हातात छापील यादी धरून, केली. प्रवाशाने ही तपासणी शेजारी उभे राहून अवश्य पाहावी. टाकीत पट्टी बुडवून तो इंधन मोजतो, कारण काट्यांवर त्याचा विश्वास नाही; टाकीच्या तळाच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून त्यात पाणी तर नाही ना हे उन्हाकडे धरून पाहतो; नाकावरच्या पंख्याच्या पात्यांच्या कडांवरून बोट फिरवतो. सर्वांत गमतीचा भाग डाव्या पंखाच्या पुढच्या कडेशी आहे. विमानाचा वेग धोकादायक रीतीने कमी झाल्यास इशारा देणारा भोंगा या जुन्या सेसनात विजेवर चालत नाही. पंखावरील एका छिद्रात हवेचा दाब घटला की आतली पत्ती थरथरते आणि आवाज येतो. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्या छिद्रावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढावी लागते. भारदस्त व्यवसायातला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस विमानाच्या पंखाला तोंड लावून हवा ओढतो आणि पंखातून जत्रेतल्या पिपाणीसारखा सूर निघतो, हे दृश्य पाहून आईला हसू आवरेना. मित्राने मात्र गंभीरपणे सांगितले, ‘काकू, हाच आवाज उतरताना चाके टेकायच्या क्षणी पुन्हा ऐकू येईल, तेव्हा घाबरायचे नाही.’ आधी सांगून ठेवलेल्या या एका वाक्याचे मोल उतरताना कळले.

आत चढणे हा ज्येष्ठांसाठी कसोटीचा भाग आहे. पंख वर असल्यामुळे दारापाशी वाकावे लागत नाही असे वाटते, पण पायरी लहान आहे, आणि मागच्या आसनावर जाण्यासाठी पुढचे आसन सरकवून शरीर तिरके करून शिरावे लागते. आईच्या गुडघ्यांनी तक्रार केली. साडी नेसून हे जमले नसते, म्हणून तिला आदल्या दिवशीच सलवार-कमीज घालण्यास सांगितले होते, हे बरे झाले. उंच माणसांनी पंखाच्या मागच्या कडेपासून सावध राहावे, कारण ती नेमकी कपाळाच्या उंचीवर येते. तिचा प्रसाद मला मिळाला आणि मित्राने त्याला ‘सेसनाचे गंध’ असे नाव असल्याचे सांगितले. पुढची आसने रुळांवर सरकतात. ती खाचेत नीट अडकली नाहीत तर उड्डाणाच्या वेळी आसन मागे घसरू शकते आणि हा या जातीच्या विमानांतला जुना, अधिकृत सूचनांमधून बजावलेला दोष आहे. त्यामुळे मित्राने माझे आसन धरून पुढे-मागे जोराने हलवून पाहिले. त्यानंतर त्याने दार कसे उघडायचे, पट्टा कसा सोडायचा, अग्निशामक नळकांडे कोठे आहे हे प्रत्येकाकडून करवून घेतले. माझ्यासमोरही विमान वळवण्याचे चाक आणि पायांपाशी पेडल असल्याने पाय पूर्ण मागे घेऊन बसण्याची तंबी मिळाली.

आराम या सदराखाली फारसे लिहिण्यासारखे नाही. दोघांचे खांदे एकमेकांना लागतात, मागे बसलेल्यांचे गुडघे पुढच्या आसनाला टेकतात, वातानुकूलन म्हणजे पंखाच्या मुळाशी असलेली एक नळी, जी बाहेर ओढली की गार वारा तोंडावर येतो. स्वच्छतागृह नाही, त्यामुळे सकाळचा दुसरा चहा टाळणे शहाणपणाचे. आवाज मात्र खरोखरच प्रचंड आहे. कानांवर हेडफोन घातल्याशिवाय शेजारच्याचे ओरडणेही ऐकू येत नाही. मित्राजवळ हिरव्या रंगाचे दणकट डेव्हिड क्लार्क जातीचे चार संच आहेत; ते डोके आवळतात, पण त्यांच्यामुळे चौघेही एकमेकांशी बोलू शकतात आणि नियंत्रकाचे बोलणेही सर्वांना ऐकू येते. नियंत्रकाचा आवाज येताच आपले वाक्य अर्धवट तोडून गप्प बसायचे हा नियम आम्हा तिघांना पाळायला सुमारे दहा मिनिटे लागली. मराठी माणसांना हे अवघड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

पालो आल्टोची धावपट्टी २४४३ फूट लांब आहे, म्हणजे पाऊण किलोमीटरला थोडी कमी. त्यातलीही पूर्ण लागली नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गेला, मित्राने चाक हलकेच ओढले आणि जमीन खाली राहिली. मोठ्या विमानात पाठीला बसणारा तो जोराचा रेटा येथे नाही, उलट कुणीतरी उचलून कडेवर घ्यावे तसे वाटते. लगेच खाली मिठागरे लागतात. त्यांचे रंग जमिनीवरून कधीच कळत नाहीत: खारेपणा जसा वाढत जातो तसे त्या पाण्यात वेगवेगळे सूक्ष्म जीव वाढतात आणि खाचरे हिरवी, मग शेंदरी, मग थेट जांभळट-गुलाबी होत जातात. वरून ते वाफे वाळत घातलेल्या इरकली लुगड्यांसारखे दिसत होते, ही उपमा आईची.

उपसागराच्या पूर्व बाजूने आम्ही उत्तरेकडे गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाभोवतीचे आकाश नियंत्रकांच्या कडक अमलाखाली असते, आणि परवानगी मिळाल्याशिवाय त्यात शिरता येत नाही. ती मिळाल्यावर आम्ही साडेतीन हजार फुटांवरून, मोठी विमाने दूरवर खाली उतरताना पाहत, शहराच्या दिशेने वळलो. येथे प्रवाशांना आणखी एक काम मिळते, ते म्हणजे पहारा. नियंत्रक इतर विमानांची दिशा घड्याळाच्या आकड्यांत सांगतो: नाकासमोर बारा, उजव्या पंखाकडे तीन. मित्राने उड्डाणापूर्वीच सांगितले होते की कुणालाही विमान दिसले तर आकडा सांगायचा, मग मध्येच बोलले तरी चालेल. ओकलंडच्या वर नियंत्रकाने ‘दोन वाजता, तीन मैल, सेसना’ असे कळवले. मित्र आणि मी दोघेही डोळे बारीक करून शोधत राहिलो, आणि मागून आईचा आवाज आला, ‘अरे, ते काय पांढरे, दोन नाही, तीनच्या जवळ आले आता.’ ते बरोबर होते. बारामतीच्या प्रशिक्षण केंद्रातली विमाने फलटणच्या बाजूच्या आकाशात फिरताना ती गच्चीवरून वर्षानुवर्षे पाहत आली आहे, त्यामुळे तिची नजर आमच्यापेक्षा तयार होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे वसूल झाले, असे ती नंतर म्हणाली.

गोल्डन गेट पुलाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत. १९३७ मध्ये खुला झालेल्या या पुलाचे मनोरे ७४६ फूट उंच आहेत, आणि वरून पाहताना ते टाचणीएवढे दिसतात. सेसनाचा पंख डोक्यावर असल्याने खाली पाहण्यास आडकाठी नाही, हा या विमानाचा प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण. परंतु पंखाला आधार देणारी तिरकी दांडी नेमकी छायाचित्राच्या मध्ये येते. मागच्या खिडकीतून घेतलेली छायाचित्रे त्या मानाने बरी आली. मला स्वतःला पुलापेक्षा त्याच्या दक्षिणेकडचा किनारा अधिक भावला: पॅसिफिका या गावाच्या पुढचा डेव्हिल्स स्लाइडचा समुद्रात कोसळणारा कडा, मोंटाराचे दीपगृह, आणि पिलर पॉइंटच्या टोकावरची रडारची पांढरी तबकडी. तेथून पुढे धावपट्टी दिसू लागते.

या टप्प्यात पत्नीला मळमळू लागले. डोंगरांवरून समुद्राकडे येणाऱ्या वाऱ्याने विमान हलत होते, तेही सतत नव्हे तर खड्ड्यातून गाडी गेल्यासारखे, अचानक. मित्राने तिला हवेची नळी पूर्ण उघडून क्षितिजाकडे पाहत राहण्यास सांगितले, आणि आईने आलेपाकाची वडी दिली. दोहोंपैकी कशाने बरे वाटले ते सांगता येत नाही. खिशात कागदी पिशव्या होत्या, त्या लागल्या नाहीत. ज्यांना यष्टीच्या मागच्या बाकावर बसून खंबाटकी ओलांडताना त्रास होतो त्यांना येथेही होईल, असे धरून चालावे.

हाफ मून बेच्या विमानतळाला नियंत्रण मनोरा नाही. वैमानिक आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत हे सामाईक रेडिओ लहरीवर जाहीर करतात आणि एकमेकांना वाट देत रांगेने उतरतात. शेवटच्या क्षणी पंखातली ती पिपाणी वाजली, आई ‘वाजली बघ’ म्हणाली, आणि चाके टेकली. पंखा पूर्ण थांबेपर्यंत मित्राने कुणालाही दाराला हात लावू दिला नाही. तेथून चालत दहा मिनिटांवर मासेमारीचे बंदर आहे. तेथल्या बाकावर बसून समुद्र पाहत आम्ही दशम्या खाल्ल्या. मित्राने तीन खाल्ल्या आणि परतीच्या वजनाच्या हिशेबात पिशवीतून वजा करून स्वतःत मिळवल्याचे गांभीर्याने जाहीर केले.

परतीचा प्रवास डोंगरावरून सरळ, वीसेक मिनिटांचा. आई पुढे बसली होती. सरळ उड्डाणात मित्राने तिला चाकाला दोन बोटे लावू दिली, आणि विमान किती थोड्या हालचालीने वळते हे पाहून ती इतकी गप्प झाली की मला दोनदा विचारावे लागले, ‘आई, बरी आहेस ना?’

सुरक्षिततेविषयी उगाच गोड बोलणार नाही. लहान खासगी विमानांतील अपघातांचे प्रमाण व्यावसायिक विमानसेवेपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि ‘विमान हे सर्वांत सुरक्षित वाहन’ हे वाक्य या विमानाला लागू पडत नाही. यंत्राच्या वयाची मला आता तेवढी चिंता वाटत नाही. सेसना १७२ चे उत्पादन १९५६ पासून होत आले असून जगात सर्वाधिक संख्येने, ४४ हजारांहून अधिक, बनलेले हे विमान आहे. १९५८-५९ मध्ये लास व्हेगासच्या आकाशात दोन वैमानिकांनी असेच एक विमान, चालत्या ट्रकमधून नळीने इंधन घेत, ६४ दिवसांहून अधिक काळ न उतरवता उडवले होते. वार्षिक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. चिंता करायची तर माणसाची. आपल्या मित्राला तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. गेल्या ९० दिवसांत त्याने किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केली आहेत का, कारण त्याशिवाय त्याला प्रवासी नेता येत नाहीत. इंजिन बंद पडले तर आज ठरवलेल्या मार्गावर तो कोठे उतरेल. माझ्या मित्राने साडेतीन हजार फुटांवरून हे विमान सुमारे नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते असे सांगून नकाशावर जागा दाखवल्या. आणि शेवटचे उड्डाण त्याने कधी व का रद्द केले. ज्याला याचे उत्तर आठवत नाही त्याच्या विमानात मी बसणार नाही. याखेरीज आपल्या आयुर्विम्याची कागदपत्रे घरी वाचून घ्यावीत, कारण काही पॉलिसी खासगी विमानातील प्रवासाला संरक्षण देत नाहीत.

खर्चाच्या बाबतीत अमेरिकेतला नियम स्पष्ट आहे. खासगी परवान्याच्या वैमानिकाला प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. इंधन, तेल आणि विमानतळाचा खर्च यांत त्याला स्वतःचा समान वाटा उचलावाच लागतो. आमचे ११ गॅलन इंधन जळले, त्याचे ७७ डॉलर झाले, आणि चौघांत वाटून माणशी सव्वा एकोणीस डॉलर आले. मी शंभर डॉलर पुढे केले, तेव्हा त्याने हिशेबाचे ५७ डॉलर ७५ सेंट घेऊन उरलेले परत केले. या पैशांत याहून सरस दुपार मला या महागड्या प्रदेशात दुसरी माहीत नाही. पाचपैकी चार तारे देतो. एक तारा शिसे, गोंगाट आणि गुडघे या तिघांत मिळून कापला आहे, दोन रद्द झालेल्या फेऱ्यांसाठी काहीही कापलेले नाही.

आई नोव्हेंबरमध्ये परत गेली. जाताना तिने मित्रासाठी डिंकाचे लाडू केले, आणि ते मोबदल्यात मोडतात का अशी शंका त्याने डबा उघडता उघडताच काढली. वसंतात आम्ही मोंटेरेला जाण्याचा बेत करत आहोत. माझे वजन दिवाळीनंतर ८४ झाले आहे. ते मी त्याला कळवले आहे.